सोपस्टोनचं भांडं पहिल्याच वापरात तडकलं. दगडच खराब होता का? आणि कोकणात पूर्वी ही भांडी कशाला वापरत?

दगडात खोट असेलच असं नाही. कोरं भांडं थेट मोठ्या गॅसवर चढवलंत ना? माझंही पहिलं असंच गेलं. तमिळनाडूहून मागवलेली कलचट्टी (तिकडचं सोपस्टोनचं भांडं), दहा मिनिटांत बुडापासून काठापर्यंत केसासारखी चीर.

सोपस्टोन म्हणजे आपलं संगजिरं. त्यातलं मुख्य खनिज टाल्क, कठीणपणाच्या मोजपट्टीवर सगळ्यात खाली, म्हणजे 1. पापुद्रे एकमेकांवर सैल बसलेले, म्हणून हाताला बुळबुळीत लागतं आणि पटाशीखाली झरझर निघतं. भांड्याच्या दगडात इतर खनिजंही असतात, त्यामुळे तो थोडा टणक. सिंधू संस्कृतीच्या बहुतेक मुद्रा संगजिऱ्याच्याच: मऊ असताना कोरायच्या, मग भाजून टणक करायच्या. बेलूर-हळेबीडच्या मूर्तींचे दागिने मणी मोजता येतील इतके बारीक उतरले, तेही अशाच मऊ दगडामुळे.

आमच्या मालवणच्या घरात आजीची दगडी, म्हणजे असंच दगडाचं भांडं, होती. काळी कुळकुळीत, एका बाजूचा काठ उडालेला, बुडावर बोट फिरवलं की कोरणीचे फेरे लागायचे. तिच्यात दोनच गोष्टी व्हायच्या: लोणचं, आणि आमसूल घातलेलं कुळथाचं सार. आंबट पितळेत कळकतं, दगडीत नाही. साराला कढ आला की आजी म्हणायची, "लाकडा भायर ओढ, आता ती आपली आपणच शिजवतली." खरंच, चूल विझली तरी सार रटरटत असायचं.

पुढच्या वेळी भांडं आधी तांदळाच्या धुवणात पाच-सहा दिवस बुडवून ठेवा, धुवण रोज बदला. मग सुकवून आतबाहेर एरंडेल आणि हळद चोळा, उन्हात ठेवा, असं दोन-तीनदा. पहिल्यांदा नुसती पेज शिजवा, तीही मंद आचेवर. रिकामं तापवू नका आणि तापल्या भांड्यात गार पाणी तर मुळीच ओतू नका. घासायला साबण नको, बेसन पुरे.

तडकलेलं मात्र टाकू नका. माझ्या कलचट्टीत खडेमीठ असतं. पावसाळ्यात चिरेतून जरा पाझरतं, म्हणून खाली बशी ठेवलीये.