लीना लव्हिचची उचकी

प्रश्न : न्यू वेव्ह या 1970 च्या दशकाच्या अखेरच्या पाश्चात्त्य पॉप-रॉक प्रवाहाबद्दल वाचताना गायिका लीना लव्हिचच्या प्रभावाचा उल्लेख सारखा येतो. तिचं गाजलेलं गाणं तर एकच, 'लकी नंबर'. मग प्रभाव कसला?

उत्तर : एकच नाही. 1979 मध्ये 'लकी नंबर' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि त्याच वर्षी 'से व्हेन'ही पहिल्या विसात आलं. पण तिच्याकडून कोणी काय उचललं, हे पाहणं जास्त उपयोगाचं. जर्मन गायिका नीना हागेननं त्याच वर्षीच्या 'उनबेहागेन' अल्बममध्ये 'लकी नंबर'ची चाल घेऊन त्यावर जर्मन शब्द बसवले. ब्रिटिश संगीतकार थॉमस डॉल्बी लीनाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. 1981 चं 'न्यू टॉय' हे तिचं गाणं त्यानंच लिहिलेलं. त्याचं स्वतःचं गाजलेलं गाणं आलं त्यानंतर, 1982 मध्ये.

तिच्या लांब वेण्यांना लोक विक्षिप्तपणा म्हणतात. मूळ कारण अगदी साधं आहे : लंडनमध्ये शिल्पकला शिकताना केस मातीत माखू नयेत म्हणून तिनं त्या घालायला सुरुवात केली.

प्रश्न : तिच्या गाण्यात मध्येच उचकीसारखा आवाज येतो, तो कसा काढतात? मी प्रयत्न केला तर घसा बसतो. शास्त्रीय गाणं पाच वर्षं शिकले आहे.

उत्तर : तुमची तालीमच इथे आडवी येते आहे. खालचा भरीव आवाज आणि वरचा पातळ आवाज यांतला सांधा ऐकू येऊ नये, यासाठी आपण वर्षानुवर्षं रियाज करतो. इथे तोच सांधा उघडा पाडायचा असतो. किशोरकुमारचं यॉडलिंग याच जातीचं. लीना ते एकाच अक्षरात उरकते, म्हणून उचकी वाटते.

सोयीच्या सा वर भरीव 'आ' लावा. तिथून थेट प वर पातळ 'ऊ'. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेतलीत की संपलं, मधला 'टक्' ऐकू आलाच पाहिजे. खाली उघडा स्वर आणि वर मिटता स्वर घेतला की आवाज आपोआप सुटतो. दोन्हीकडे 'आ' ठेवला तर तो भरीवच राहून वर खेचला जातो आणि घसा धरतो. बहुधा तुमचं हेच होत असावं. मान ताठरली किंवा हनुवटी वर गेली तर जोर चुकीच्या जागी लागतोय असं समजा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर ठेवून चार ठोक्यांना एक उडी, एकदम पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. जमलं की 'ऊ' जवळजवळ गिळून टाका, नुसता झटका उरू द्या. घसा खवखवला तर त्या दिवशी थांबा. दोन आठवडे आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

रेकॉर्डिंगमध्ये हा झटका हरवतो तो बहुतेक वेळा कॉम्प्रेसरमुळे, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनामुळे. अटॅक (ते किती वेळात दाबायला लागतं) 1-2 मिलिसेकंदांवर असेल तर आवाजाचं टोकच दबतं. 20 ते 30 वर न्या, झटका आधी निसटतो आणि मागचा स्वर दाबला जातो.

प्रश्न : सुरुवात कुठून करू?

उत्तर : 1978 चा तिचा अल्बम 'स्टेटलेस'. नंतर 'फ्लेक्स' अल्बममधलं 'बर्ड साँग', हेडफोन लावून.