थंडीत डुकराची पिल्लं दगावतात. सगळ्या शेडला हीटर लावू का?

नका लावू. तुम्ही लिहिलंय की पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो, मादी ठणठणीत आहे, पण नऊपैकी तीन पिल्लं दोन दिवसांत गेली. हीटरनं बिल येईल आणि गोंधळ वाढेल. मादीला १८-२० अंश पुरतात, तर नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ लागतात. शेड तेवढं तापवलं तर मादी धापा टाकेल, खाणं सोडेल, दूध कमी होईल.

पिल्लू सव्वा-दीड किलोचं, जन्मताना ओलं, अंगावर केस नावाला आणि कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच. गारठलं की ते उबेसाठी मादीला चिकटतं आणि तिनं कूस बदलली की खाली सापडतं. आपण म्हणतो, आईनं चिरडलं. माझ्या मते बऱ्याचदा ते थंडीचंच काम असतं.

म्हणून ऊब फक्त पिल्लांच्या कोपऱ्यात द्या. मी निफाडकडचा, आमच्याकडे थंडी कशी पडते ते ठाऊकच असेल. मी कोपऱ्यात फळ्या मारून झाकणाची पेटी केलीय, पिल्लू शिरेल पण मादी शिरणार नाही एवढंच दार. खाली सिमेंट उघडं ठेवू नका, अंगातली ऊब तेच ओढून घेतं. कोरडं काड वीतभर पसरा आणि ओलं झालं की लगेच बदला. वर २५० वॉटचा इन्फ्रारेड बल्ब, पिल्लांपासून दीड-दोन फुटांवर, जाळीसकट आणि साखळीला टांगलेला. पहिल्या वर्षी मी सुतळीला टांगला होता. उंदरानं सुतळी कुरतडली, बल्ब काडात पडला. जळका वास आला म्हणून उठलो, नाहीतर शेडच गेलं असतं.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं एकमेकांवर ढीग करून पडली असतील तर थंडी वाजतेय. बल्बपासून लांब, कडेला सरकली तर जास्त तापतंय. शेजारी-शेजारी, कुशीवर, पाय सोडून निवांत झोपली की जमलं. पुढं दर आठवड्याला बल्ब थोडा वर घ्या, साधारण दोन अंश उतरतील असा.

रात्री वीज जाते? बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवा. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी मात्र अजिबात नको, तिच्यातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) जनावरांना मारेल आणि तुम्हालाही.

वाऱ्यासाठी बाजूंना जमिनीपासून तीन-चार फूट ताडपत्री लावा, वरचा भाग उघडा ठेवा. पूर्ण बंद केलंत तर मूत्राचा अमोनिया कोंडतो, डोळे चुरचुरतात, डुकरं खोकायला लागतात. उदबत्ती पेटवून पिल्लांच्या उंचीवर धरा (काडापासून लांब!). धूर आडवा पळाला तर तिथं झोत आहे.

मोठ्या डुकरांना कोरडी जागा आणि थोडा जादा खुराक दिला की भागतं. शेड धुवायचं ते दुपारी, संध्याकाळी नाही.

पुढच्या वेळी मादी व्यायला लागली की जवळ थांबा. प्रत्येक पिल्लू गोणपाटानं खसाखसा पुसा, नाक मोकळं करा आणि लगेच सडाला लावा. पोटात चीक नसेल तर बल्बखालचं पिल्लूही गारठतं. सध्याच्या सहांपैकी जे मागं पडतंय त्याला आजच मादीच्या पुढच्या पायांकडच्या सडाला लावून बघा, तिथं दूध जास्त असतं.