हाती काम, मुखी नाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सकाळी डबे करताना नामस्मरण करायचं ठरवलं, पण कधी भाजीत मीठ राहतं, कधी दूध उतू जातं. आमच्या आजी जात्यावर ओव्या म्हणत, त्यांचं दळण कधी बिघडलं नाही. माझं काय चुकतंय? (परळ)

उत्तर : श्रद्धा कमी पडत नाही, कामाची निवड चुकते आहे. जातं एका लयीत फिरतं. मूठभर वैरण घातली की पुढचे कितीतरी फेरे हात आपोआप चालतो, म्हणून तिथे ओवी रुजली. जनाबाईंचं दळणकांडण आणि विठ्ठलाचं नाव आपण एका दमात घेतो तेही त्यामुळेच. मिक्सर अर्ध्या मिनिटात थांबतो. फोडणीला तर लय नसतेच. मोहरी तडतडली की नाही, हिंग करपतोय का, हे डोळ्यांनी आणि नाकानेच कळतं. तेव्हा नाम बाजूला ठेवा. फोडणीवर पूर्ण लक्ष देणं हीच त्या दोन मिनिटांची सेवा.

जात्याची जागा आज कणकेला द्या. दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी पाणी लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात पीठ आधीच दमट असतं, म्हणून पाऊण वाटीवर थांबून पुढचं पाणी चमच्याचमच्याने घाला. हा भाग बोटांनी चाचपत करायचा, इथे नाम नको. गोळा जमून आला की मनगटाजवळच्या तळव्याने दाबा, दुमडा, पाव फेरा फिरवा. हालचाली तीन, शब्दही तीन : दाबताना राम, दुमडताना कृष्ण, फिरवताना हरी. असं सात-आठ मिनिटं. घाई झाली की जीभ हाताच्या पुढे धावते आणि मन ऑफिसात पोचतं; वेग हातानेच ठरवू द्या. मन भरकटलं तर मनातलं नाम ओठांवर आणा, स्वतःला ऐकू येईल इतपतच. नंतर गोळा ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं मुरू द्या, नाहीतर लाटलेली पोळी आखडते. तेवढ्यात भाजी होते, आणि मीठ आठवायला डोकं मोकळं असतं.

प्रश्न : रोज मुलुंड ते दादर उभ्याने प्रवास. एक हात कडीला, त्यामुळे जपमाळ धरता येत नाही. (मुलुंड)

उत्तर : करमाळ वापरा, उजवा हात पुरतो. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवा : एक. तिचं खालचं पेर दोन. करंगळीचं खालचं, मधलं, वरचं : तीन, चार, पाच. मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं : दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावत नाहीत. बहुतेकांची चूक इथेच होते, सवयीने अंगठा मधल्या बोटावरून खाली घसरतो.

दहांचा हिशेब स्टेशनांवर सोडा. स्लो गाडीने नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर असे दहा टप्पे आहेत. गाडी सुटली की एका श्वासाला एक नाम असं एक आवर्तन करा आणि पुढच्या स्टेशनपर्यंत गप्प राहा. दादरपर्यंत शंभर होतात. उरलेले आठ फलाटावर कडेला थांबून. पुलाच्या पायऱ्यांवर अजिबात नको. घाटकोपर-कुर्ल्याला रेटा आला तर मोजणी सोडून द्या आणि कडी घट्ट धरा. कुणाला टेकायला जागा करून दिलीत तर ते आवर्तन झालंच असं खुशाल धरा.

प्रश्न : दिवसभर संगणकावर आकडे भरते. त्यात नाम कसं घालू? (अंधेरी)

उत्तर : घालू नका, आकडा चुकेल. सुरू करण्याआधी एकदा, संपल्यावर एकदा, एवढं पुरे. बेरीज दुसऱ्यांदा तपासणं हाही अर्पणाचाच भाग आहे.

प्रश्न : देवाची उपकरणी घासताना मन रमतं, खरकटी भांडी पाहिली की चिडचिड होते. आणि पितळेची समई घासूनही आठवड्यात काळी पडते. (गिरगाव)

उत्तर : समई आधी. समुद्राच्या दमट, खारट हवेत पितळ लवकर काळवंडतं. त्यातून तुपा-तेलाचा थर राहिला तर चिंचेचं आम्ल धातूपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी गरम पाणी आणि साबण, मग लिंबाएवढ्या भिजवलेल्या चिंचेच्या कोळात चिमूटभर मीठ घालून दोन-तीन मिनिटं चोळा. जास्त वेळ माखून ठेवलीत तर पितळेतलं जस्त निघून लालसर डाग पडतात. धुतल्यावर लगेच सुती फडक्याने कोरडी करा, जोडाच्या खाचेतसुद्धा.

आता खरकटं. चिडचिड बहुधा वाळलेल्या भाताची असते, म्हणून जेवण होताच पातेलं पाण्यात भिजवा. आधी पेले, मग वाट्या-ताटं, तेलकट कढई शेवटी. क्रम उलटला की घासणी तेलकट होते आणि सगळं दोनदा धुवावं लागतं. नाम घासताना घ्या, नळाखाली विसळताना नको. विसळताना लक्ष तोटीवर ठेवा, पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या घरात तर नक्कीच. समई पुसायला जसं कोरडं फडकं घेता तसंच ताटांनाही घ्या, आणि निदान एक भांडं रोज तिच्याइतक्या निगुतीने पुसून ठेवा.