बाळंतपण तिचं, मग मला काय झालंय?

"मॅडम, बाळंतपण बायकोचं झालं आणि डोकं माझं बिघडलंय काय?" बेळगावात हा प्रश्न मला बऱ्याच नव्या बापांनी विचारलाय. त्यातल्या एकाचं लिहिते. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

उद्यमबागेत लेथवर काम करणारा मुलगा. पहिलटकरीण बायको खानापूरकडे माहेरी. तिसऱ्या महिन्यात ती बाळाला घेऊन आली आणि हा ओव्हरटाइम मागून घ्यायला लागला. रात्री गाडी लावून, हेल्मेटसुद्धा न काढता जिन्याखाली अर्धा अर्धा तास बसायचा. "वर लेक रडायलीय, ऐकू येतंय. पाय उचलत नाही बघा."

तो रडत नव्हता, चिडत होता. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा असंच दिसतं: चिडचिड, कामात बुडून घेणं, दारू. म्हणून कुणी ओळखत नाही. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून 2010 मध्ये आलेला आकडा सांगतो, दहातल्या एका बापाला हे होतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सगळ्यात जास्त. आपल्याकडे नेमकं तेव्हाच बाळ माहेराहून येतं.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "एकदा. रेल्वे गेटपाशी." त्याच दिवशी भावाला बोलावून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. तुमच्या घरी असं काही असेल तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

पुढच्या खेपेला बायकोला बोलावलं, कारण एकजण खचला की दुसऱ्यालाही जपावं लागतं. मुलगी झाली म्हणून यानं तोंड फिरवलं, असं धरून ती रोज रात्री उशीत रडत होती. त्याला हे ठाऊकच नव्हतं. "लेक हातातून पडेल म्हणून घेत नाही गं," एवढंच तो बोलला. मी एकच काम दिलं: रात्री दहाचं दुपटं यानं बदलायचं, बसून, गादीवर.

आईला सांगू का, असं त्यानं महिन्याभरानं विचारलं. म्हटलं, घेऊनच या. "आमच्या वेळी बापानं पोर कधी उचललं?" असं त्या म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "याच्या वेळी याचा बाप असाच झालता. मी मेली, शेजारणींना सांगत सुटलेली, माणूस उलट्या काळजाचा हाय म्हणून."