दोन भावंडांना घेऊन घरीच गोष्टीचं पुस्तक बनवायचं आहे, पण गोष्ट संपतच नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाच वर्षांची, मुलगा नऊचा. गोष्ट रचायला दोघांनाही आवडतं, पण ती रोज नव्याच दिशेला पळते, मध्येच भांडण होतं आणि पुस्तक काही हातात येत नाही. मला वाटतं, मुलांचं काही चुकत नाहीये, क्रम उलटा झालाय. आपण म्हणतो, आधी गोष्ट पुरी होऊ दे, मग पुस्तक करू. तुम्ही आधी पुस्तक करा. कोरं, पण मुखपृष्ठासकट तयार. मग ते दोघांच्या पुढ्यात ठेवा.

कोऱ्या पुस्तकाला शेवट असतो. किती पानं उरली हे पाच वर्षांच्या मुलीलाही बोट ठेवून मोजता येतं, आणि "दोनच पानं राहिली, राक्षसाचं काय ते बघायला हवं" हे तिचं तिलाच सुचतं. छापील चित्रपुस्तकांनाही हीच शिस्त असते. त्यातली बरीचशी ३२ पानांची असतात, कारण छपाईच्या मोठ्या तावाला घड्या घालत गेलं की ८, १६, ३२ अशीच पानं पडतात. गोष्ट त्यात बसवणं हे लेखकाचं काम.

सुरुवात मात्र आठ पानांनीच करा. एक ए-फोर कागद आणि कातर, बाकी काही लागत नाही. कागद आडवा धरून वरची कड खालच्या कडेवर आणा, घडी घाला, उघडा. डावी कड उजवीवर आणून दुमडा, तसंच आणखी एकदा दुमडा आणि सगळं उघडा. आठ चौकोन दिसतील. आता पुन्हा एकदाच डावी कड उजवीवर आणा आणि दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या घडीवर कातर चालवा, पण पहिल्या उभ्या घडीशी थांबा. उघडल्यावर मधोमध फट दिसेल. वरची कड परत खालच्या कडेवर आणून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला, फट उघडून वरून अधिकचं चिन्ह दिसतं. पानं एका बाजूला मिटली की साधारण ७.४ बाय १०.५ सेंटीमीटरचं पुस्तक तयार. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून आत सहाच पानं उरतात, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालायला जागाच नसते.

आता भांडणाचं. आमच्याकडे एकच नियम चालतो: समोरासमोरची दोन पानं एकाची, पुढची दोन दुसऱ्याची, आणि जे लिहिलं गेलं ते खोडायचं नाही. पुढच्याने फक्त "मग" म्हणायचं. भावाने बहिणीचा वाघ मारून टाकला, तर तिने रडून ते पान फाडायचं नाही. तिच्या पानावर वाघ उठून बसू शकतो. मोठ्या माणसांना हे खटकतं, मुलांना अजिबात नाही. नऊ वर्षांच्या मुलाला तर्क हवा असतो, पाच वर्षांचीला धमाल. एकाच पानावर दोघांना बसवलं की ठिणगी पडणारच. आळीपाळीने आलं की तिचा वेडेपणा सावरून नेणं हाच त्याचा खेळ होतो.

पात्रं सुचत नसतील तर कागदाला दोन आडव्या घड्या घालून वरून खाली तीन भाग करा. एकाने डोकं काढायचं, मानेच्या दोन रेघा घडीखाली जराशा येऊ द्यायच्या आणि कागद दुमडून पुढे द्यायचा. दुसऱ्याने न बघता धड. पाय तुम्ही काढा. १९२५च्या सुमारास पॅरिसमधले अतिवास्तववादी कवी-चित्रकार हा खेळ मोठ्या गांभीर्याने खेळायचे. उघडल्यावर जो प्राणी निघेल तो कोणा एकाचा नसतो, म्हणून त्याच्यावरून भांडण होत नाही.

तुमचं काम लेखनिकाचं. मुलगी बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवा. "हत्तीला राग आला आणि त्याने दार खाल्लं" असं ती म्हणाली, तर "दार मोडलं" असं लिहू नका. आपला हात शिवशिवतो, मान्य आहे. त्याऐवजी विचारा, "मग दाराची कडी?" ती क्षणभर थांबेल आणि म्हणेल, "कडी पोटात वाजते." हे वाक्य तुम्हाला जन्मात सुचलं नसतं. लिहिता लिहिता शब्द मोठ्याने उच्चारत जा. आपलं बोलणं अक्षरांत उतरताना बघणं ही वाचायला शिकण्याची चांगली तयारी आहे. मुलगा स्वतः लिहीत असेल तर त्याचं शुद्धलेखन त्या बैठकीत तपासू नका, एवढंच.

दोन-तीन छोटी पुस्तकं झाली की शिवणीचं करा. चार ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की १६ पानं होतात. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन टोकांपासून साधारण तीन-तीन सेंटीमीटरवर. दाभण तुमच्याच हातात असू द्या. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट, म्हणजे इथे ५० सेंटीमीटरच्या थोडा वर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. लिहायच्या आधी शिवण्याचा आणखी एक फायदा: सुट्या तावांवर पानांचे आकडे टाकताना सगळ्यात बाहेरच्या तावावर १, २, १५ आणि १६ येतात, आणि तिथे भल्याभल्यांची गडबड उडते.

मुखपृष्ठाचा जाड कागद दुमडण्याआधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो तशी घडी घाला, नाहीतर घडीवर तडे जातात. स्केचपेन साध्या कागदातून पलीकडे उमटतं, तेलखडू नाही. बिघडलेल्या पानावर दुसरा कागद चिकटवला की झालं.

राहिला प्रश्न पुस्तक कोणाकडे ठेवायचं हा, आणि तो येणारच. आठ पानांच्या पुस्तकात सगळा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला असतो. ते उलगडून सपाट करा, झेरॉक्स काढा, कापा, दुमडा. दोन लेखक, दोन प्रती, आजी-आजोबांसाठी तिसरी.