हॉक म्हणजे घार, ससाणा की शिक्रा?

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे. घरामागच्या परसात पाखरांसाठी दाण्याचे भांडे टांगलेले असते. दाणे टिपायला होले येतात आणि एक शिकारी पक्षी मधूनच झडप घालून त्यातला एखादा उचलून नेतो. तिकडे त्याला 'कूपर्स हॉक' म्हणतात. मुलीला मराठी नाव हवे आहे. आजी फोनवर 'घार' म्हणाली, शब्दकोशात 'ससाणा' सापडले, हिंदी बोलणारे शेजारी 'बाज' म्हणतात, आणि कुणीतरी 'शिक्रा' सुचवले. खरे कोणते? शिवाय 'शिक्राचे' लिहायचे की 'शिक्र्याचे'?

आधी थेट उत्तर देतो: शिक्रा. आता कारण सांगतो, कारण या प्रश्नात आपल्या भाषेची एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे.

इंग्रजीत 'हॉक' या एका शब्दाखाली बरेच वेगवेगळे पक्षी येतात. मराठीत तसा एक छत्रशब्द रोजच्या बोलण्यात नाही. 'शिकारी पक्षी' हा पुस्तकी झाला. आपल्याकडे प्रत्येकाचे वेगळे नाव आहे आणि ते वापरताना त्याच्याबरोबर क्रियापदही ठरून आलेले असते. घार घिरट्या घालते. शिक्रा झडप घालतो. ससाणा सूर मारतो. म्हणून परसात दिसलेल्या पक्ष्याचे नाव शोधताना मी रंगाआधी विचारतो, की तो काय करत होता? तुमच्या पत्रात 'झडप घालून' हे शब्द तुम्हीच लिहिलेत. निम्मे उत्तर तिथेच होते.

आजींचे म्हणणे समजू शकते. ज्या घरात कोंबड्या होत्या, त्या घरात आकाशातून येणारे प्रत्येक संकट म्हणजे घारच. 'घार उडे आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी' ही म्हणही आपल्या कानांत बसलेली. पण आपली नेहमीची घार ओळखायला सोपी आहे: तपकिरी रंग, लांब पंख आणि उडताना स्पष्ट दिसणारी दुभंगलेली शेपटी. ती उंचावर तरंगत खाली नजर ठेवते, मेलेले-टाकलेलेही खाते, म्हणून मासळीबाजार आणि कचऱ्याचे ढीग तिला प्रिय. झाडांच्या गर्दीतून पाखराचा पाठलाग करणे हे तिचे काम नव्हे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दिसते ती पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार. शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबणारी पांढुरकी, लाल डोळ्यांची ती कापशी. मधमाश्यांच्या पोळ्यांवर जाणारी मोहोळ घार प्रत्यक्षात या सगळ्यांहून बरीच वेगळी आहे, तरी नावात घार आहेच. लोकांनी 'घार' हा शब्द सैल हाताने वापरला, हे खरे. तरीही कूपर्स हॉकला तो देऊ नये, कारण उडण्याची रीतच जुळत नाही.

कोशातला 'ससाणा' अधिक फसवा आहे, कारण तो चुकीचा वाटत नाही. शब्द जुना आणि देखणा: संस्कृत 'शशादन', म्हणजे ससा खाणारा, त्यावरून ससाणा. जुन्या वापरात तो अनेक शिकारी पक्ष्यांना लागत असे, पण आजचे पक्षिनिरीक्षक तो इंग्रजीतल्या 'फाल्कन'साठी राखून ठेवतात, आणि मला ते योग्य वाटते. ससाण्याचे पंख लांब व टोकदार, डोळे काळेभोर आणि वरच्या चोचीच्या कडेला दातासारखे टोक. तो भक्ष्याची मान चोचीने तोडतो, तर शिक्रा नख्यांनी आवळून मारतो. जनुकांच्या अभ्यासातून तर असे दिसले आहे की ससाणे हे शिक्रा-घारींपेक्षा पोपटांना जवळचे आहेत. दिसण्यातले साम्य शिकारीच्या धंद्यामुळे आलेले आहे, रक्ताच्या नात्यामुळे नाही.

ससाण्यावरून आठवले. 'बहिरी ससाणा' या नावातला 'बहिरी' ऐकू न येणारा नव्हे! तो अरबी-फारसी 'बहरी' आहे, म्हणजे समुद्राचा. शिकारखान्यातल्या माणसांच्या तोंडून तो शब्द आला आणि मराठीत रुळताना ओळखीच्या विशेषणासारखा दिसू लागला. मुलीला हे जरूर सांगा. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने सूर मारणाऱ्या पक्ष्याला कुणी बिचारा समजू नये. हाच पक्षी न्यू यॉर्कच्या पुलांवर आणि उंच इमारतींवर घरटी करतो, त्यामुळे तिला तो प्रत्यक्ष दिसण्याची शक्यताही चांगली आहे.

'बाज'बद्दल थोडक्यात. फारसीतून आलेला हा शब्द मुळात 'गॉसहॉक' या मोठ्या शिकारी पक्ष्याचा. पंजाबचा तो राज्यपक्षी आहे आणि हिंदीत तो खूप मोकळेपणाने वापरतात. मराठी कानाला मात्र 'बाज' म्हटले की सुंभाने विणलेली खाट आधी आठवते, बाळंतिणीची बाज आठवते. शिक्रा हाताशी असताना त्याची गरज नाही.

आणि शिक्रा खरोखर हाताशी आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत, शाळेच्या आवारात, आंब्या-चिंचेच्या पानांत दडून बसणारा, साधारण कबुतराएवढा पक्षी. आखूड गोलसर पंख आणि लांब पट्टेदार शेपटी, कारण फांद्यांमधून वळणे घेत जायचे असते. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, नराचे डोळे लाल. सरडे, खारी, लहान पाखरे हे त्याचे खाणे. नाव फारसी 'शिकार'च्या कुळातले. शिकारखान्याच्या बोलीत शिक्रा म्हणजे मादी आणि नर तो चिपका. या कुळात मादीच मोठी आणि जोरकस असते, म्हणून मुख्य नाव तिला मिळाले. त्याचा दरारा असा, की पावशाचे रूप आणि उडणेही शिक्र्यासारखे असते. तो फसवा अवतार बघून लहान पाखरे कालवा करतात.

आता कूपर्स हॉकचे वर्णन यापुढे ठेवून पाहा: राखाडी-निळी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा, मोठेपणी लाल होणारे डोळे, आखूड पंख, लांब पट्टेदार शेपटी, झाडीतून अचानक झडप. फक्त अंगाने बराच मोठा, कावळ्याच्या आसपास. २०२४ पर्यंत पक्षिशास्त्रज्ञ दोघांना 'अ‍ॅक्सिपिटर' या एकाच प्रजातीत (इंग्रजीत 'जीनस') ठेवत. आता ती विभागली गेली, तरी भाऊबंदकी तुटलेली नाही. १८२८ साली निसर्गअभ्यासक विल्यम कूपर यांच्यावरून त्याचे नाव ठेवले गेले, तेव्हा मराठीत 'कूपरचा शिक्रा' म्हणायला काहीच हरकत नाही. मी तर तेच म्हणतो.

तुमच्याकडे रस्त्याच्या खांबावर बसणारा, रुंद पंखांचा, विटकरी शेपटीचा 'रेड-टेल्ड हॉक'ही दिसत असेल. त्याला मात्र शिक्रा म्हणू नका. तो आपल्या माळरानावरच्या 'तीसा' या शिकारी पक्ष्याच्या जवळचा. खांबावर बसून खाली टेहळणी करणे ही दोघांची सवय. 'लालशेपटी तीसा' हे नाव मी सुचवेन, त्याहून चांगले सुचले तर आनंदच आहे.

राहिले सामान्यरूप. ससाणा-ससाण्याचे, तसे शिक्रा-शिक्र्याचे. 'शिक्राचे' हे परक्या नावासारखे वाटते आणि हा शब्द आपल्यात कधीच मुरलेला आहे. अनेकवचन शिक्रे. मादीसाठी वेगळे रूप करू नये, 'शिक्र्याची मादी' म्हणावे.