बोअरचे पाणी, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि भरपाईचा दावा

बेळगाव तालुक्यातील, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका गावातून एका वाचकाने आपली अडचण कळवली आहे. त्यांचे कुटुंब २००९ पासून घरच्या बोअरचे पाणी पिते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या पत्नीला मूत्रपिंडाचा कर्करोग झाल्याचे बायॉप्सीतून निष्पन्न झाले. एक मूत्रपिंड काढावे लागले आणि आता फुप्फुसात गाठ आढळल्याने पुन्हा उपचार चालू आहेत. बोअरपासून दोनशे फुटांवर यंत्रांचे सुटे भाग धुऊन त्यांवर मुलामा चढवणारे तीन लहान कारखाने असून, त्यांपैकी एकाच्या सांडपाण्याच्या उघड्या खड्ड्याजवळ डोके जड करणारा गोडसर वास येतो. पाण्याची एकदा तपासणी करून घेतली, तेव्हा ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल मिळाला. गावात आणखी दोन घरांत कर्करोगाचे रुग्ण आहेत. कारखानदार तीन लाख रुपये द्यायला तयार आहे, पण त्यासाठी बाँडवर सही मागतो. पुतण्याने अमेरिकेत दूषित पाण्याच्या बळींना भरपाई मिळाल्याची बातमी दाखवली आहे. तशी भरपाई आपल्याला मिळेल का, पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जाता येईल का, आणि बायको घरीच असते तेव्हा उत्पन्नाचे नुकसान कसे दाखवायचे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्नींच्या आजारपणाविषयी वाचून फार वाईट वाटले. भरपाई मागण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला निश्चित दिलेला आहे. मात्र तो सिद्ध करणे कष्टाचे आहे आणि त्यासाठी लागणारा सर्वांत महत्त्वाचा पुरावा, म्हणजे पाण्याचा योग्य नमुना, आज आपल्या हाती नाही. म्हणून आधी तीन गोष्टी आजच करा. त्या बोअरचे पाणी पिणे, स्वयंपाकाला वापरणे आणि तापवून अंघोळीला घेणे बंद करा. काही विषारी द्रव पाणी तापताच वाफेबरोबर उडतात आणि बंद न्हाणीघरात श्वासावाटे शरीरात जातात, त्यामुळे उकळलेले पाणी सुरक्षित समजू नका. दुसरे असे की, बोअर बुजवू नका आणि त्याचा पंपही काढू नका, कारण तो बोअर हाच आपला साक्षीदार आहे. तिसरे म्हणजे बाँडवर सही करू नका. अशा कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणतीही तक्रार नाही’ हे शब्द हमखास असतात. एकदा सही झाली की दावा उभा राहण्यापूर्वीच विरुद्ध पक्ष तो कागद पुढे करतो. उपचारासाठी पैशांची निकड असताना तीन लाख नाकारणे किती कठीण आहे हे मी जाणतो. कारखानदाराला खरोखर मदत करायची असेल, तर त्याने ती बिनशर्त, बँकेमार्फत आणि पावतीवर करावी.

आता तपासणीविषयी. आपला अहवाल खोटा नसावा, पण तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यात क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू यांचीच नोंद आहे. धातूचे भाग तेलकटपणा घालवण्यासाठी धुताना पूर्वापार वापरला जाणारा एक द्रव म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन, ज्याला थोडक्यात टीसीई म्हणतात. त्याचा वास गोडसर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे, आणि तेही प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मायक्रोग्रॅम एवढीच त्याची मर्यादा आहे. तो पाण्यापेक्षा जड असल्याने खाली खाली झिरपतो. आपल्याकडच्या जांभ्या दगडातून आणि त्याखालच्या कातळाच्या भेगांतून तो कुठवर जाईल हे वरून सांगता येत नाही, म्हणून बोअर खोल आहे एवढ्याने निर्धास्त राहता येत नाही. या कारखान्यांत टीसीई वापरतात असे मी म्हणत नाही. आजाराचा प्रकार, धंद्याचे स्वरूप आणि वास या तिन्ही गोष्टी त्या दिशेने बोट दाखवतात, एवढेच म्हणतो. मुलामा देण्याच्या कामामुळे क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि सायनाइड यांचीही तपासणी हवी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, तर कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे.

नमुना घेण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण याच टप्प्यावर चांगले दावे कोसळतात. टीसीईसारखा उडून जाणारा पदार्थ प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिला, तर अहवालात शून्य येण्याचीच शक्यता अधिक. त्यासाठी प्रयोगशाळेने दिलेली काचेची लहान कुपी हवी, ती हवेचा बुडबुडाही न राहता काठोकाठ भरायची, लगेच बर्फात ठेवायची आणि ठरलेल्या मुदतीत पोचवायची. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली आणि त्या मान्यतेत ही विशिष्ट तपासणी समाविष्ट असलेली प्रयोगशाळा निवडा. शक्य असल्यास तिच्याच माणसाला नमुना घ्यायला बोलवा, पंचायतीचा एखादा सदस्य व दोन शेजारी यांच्यासमोर पंचनामा करा आणि छायाचित्रांवर तारीख-वेळ राहील असे पाहा. त्याच दिवशी वरच्या बाजूच्या, कारखान्यांपासून लांब असलेल्या एखाद्या विहिरीचाही नमुना घ्या. तिथे पदार्थ नाही आणि आपल्या बोअरमध्ये आहे, हा फरक न्यायाधिकरणाला चटकन कळतो. एका नमुन्यावर विसंबू नका. एक पावसाळ्यापूर्वी आणि एक नंतर, असे दोन तरी घ्या.

कारखान्याच्या खड्ड्यातून नमुना घेण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. तो राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आहे, आणि १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ मधील रीत पाळली नाही, म्हणजे कारखानदाराला नोटीस देणे, नमुन्याचे भाग करून सील लावणे व सह्या घेणे हे झाले नाही, तर तो अहवाल पुराव्यात घेता येत नाही. म्हणून मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा आपल्याला हक्क आहे, तेव्हा ‘मराठी अर्ज चालत नाही’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. तरीही माझा आग्रहाचा सल्ला असा की सोबत कन्नड प्रत जोडा. हक्काचा वाद घालत बसण्यात आपले महिने जाऊ नयेत.

त्याच वेळी माहितीच्या अधिकारात कारखान्यांना मंडळाने दिलेली संमतीपत्रे, तपासणी अहवाल आणि घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रे मागा. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि जास्तीत जास्त १५० शब्द अशी मर्यादा आहे. चार पानी अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक कारखान्यासाठी आणि प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र अर्ज करा. कारखान्याने वर्षभरात धुण्याचा द्रव किती विकत घेतला आणि वापरून झालेला किती कचरा म्हणून रीतसर विल्हेवाटीला पाठवला, या दोन आकड्यांतली तफावत बरेच काही सांगते.

आता कुठे जायचे ते पाहू. कर्नाटक हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या चेन्नई येथील दक्षिण खंडपीठाच्या कक्षेत येते. पुणे जवळ असले आणि तिथे बोलणे सोपे वाटत असले, तरी आपले गाव, बोअर आणि कारखाने हे सारे कर्नाटकात असल्याने दावा चेन्नईलाच करावा लागेल. (चिकोडी, अथणी भागातील एखाद्या वाचकाचे नुकसान सीमेपलीकडून नदीत सोडलेल्या सांडपाण्यामुळे झाले असेल, तर दाव्याचे कारण अंशतः महाराष्ट्रात घडले असे म्हणून त्यांना पुण्याला जाण्याचा मार्ग मिळू शकतो. आपले प्रकरण तसे नाही.) चेन्नईच्या अंतराने खचू नका, अर्ज ऑनलाइन दाखल होतो आणि सुनावणीही बऱ्याचदा दूरदृश्य प्रणालीने होते. कामकाज इंग्रजीत चालत असल्याने आपल्याकडचे मराठी कागद आणि गावचे कन्नड उतारे यांची प्रमाणित भाषांतरे आधीपासून करून ठेवा. बेळगावच्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा सल्ला कोणी देईल, पण २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २९ ने अशा भरपाईपुरता तो रस्ता बंद केला आहे. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे रिट अर्ज करून गावाला शुद्ध पाणी देण्याचा आदेश मागता येतो, मात्र आजार कशामुळे झाला यासारखा वादग्रस्त वस्तुस्थितीचा प्रश्न तिथे सहसा तपासला जात नाही.

मुदतीकडे विशेष लक्ष द्या. भरपाईसाठी दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे मिळतात, आणि सबळ कारण दाखवल्यास आणखी फक्त ६० दिवस. मी ही मुदत बायॉप्सीच्या अहवालाच्या तारखेपासून मोजेन, म्हणजे ती ऑगस्ट २०२७ मध्ये संपते. फुप्फुसात गाठ नंतर आढळली म्हणून नवी मुदत सुरू होते असे धरून चालण्याचा धोका पत्करू नका.

आजार आणि पाणी यांचा संबंध हा दाव्याचा कणा आहे. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १७ नुसार कारखानदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. तीन कारखान्यांपैकी नेमका कोणाचा द्रव आपल्या बोअरमध्ये आला हे सांगता आले नाही, तरी न्यायाधिकरण त्यांच्यात जबाबदारी न्याय्य प्रमाणात वाटू शकते, म्हणून तिघांनाही आणि मंडळालाही प्रतिवादी करा. मात्र दोष सिद्ध करण्यातून मिळालेली ही सूट कार्यकारणसंबंध सिद्ध करण्यातून मिळालेली नाही. अमेरिकेतली ती बातमी नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेजून या लष्करी तळाची असणार. तिथे १९५३ ते १९८७ या काळात पिण्याच्या पाण्यात टीसीई, बेंझिन यांसारखे पदार्थ होते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या संसदेने केवळ त्या तळावर किमान ३० दिवस राहिलेल्यांसाठी खास कायदा केला, आणि संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकीच असली तरी पुरे, अशी सवलत दिली. त्या कायद्याने नवे दावे करण्याची मुदतही ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आपल्याकडे अशी सवलत देणारा कायदा नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांचे लेखी मत लागेल. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची इतर ज्ञात कारणे, म्हणजे धूम्रपान, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि आनुवंशिकता, आपल्या पत्नींच्या बाबतीत होती की नव्हती, हे त्या मतात स्पष्ट यावे. आपल्या पत्नी पूर्वी मशेरी लावत असत असे आपण लिहिले आहे. ते लपवू नका. रुग्णालयाच्या केस पेपरवर ती नोंद असणारच आणि विरुद्ध पक्षाचा वकील पहिल्यांदा तेच पान उघडेल. आपणच सांगितले आणि तज्ज्ञाने मशेरीचा मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी कितपत संबंध आहे हे नोंदवले, तर त्या मुद्द्याची धार राहत नाही.

‘ती घरीच असते’ हे वाक्य आपल्या दाव्यात येता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या प्रकरणांत, अलीकडे जानेवारी २०२१ च्या निकालातही, गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या पत्नी दोन म्हशींचे दूध काढून डेअरीला घालत होत्या, शेतात भांगलणीला जात होत्या आणि सासूबाईंची शुश्रूषा करत होत्या. हे सारे तारीखवार लिहा, डेअरीचे पुस्तक जोडा आणि आता त्या कामासाठी कोणाला किती मजुरी द्यावी लागते तेही लिहा. त्याशिवाय औषधोपचार, प्रवास, आजारपणामुळे आलेले अपंगत्व आणि मालमत्तेचे नुकसान, म्हणजे निकामी झालेला बोअरही, हरित न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे मागता येते. रक्कम फुगवू नका. मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क भरावे लागते, म्हणजे तीस लाखांच्या दाव्याला तीस हजार. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे.

अर्जदार आपण नव्हे, आपल्या पत्नी असाव्यात. इजा त्यांना झाली आहे, आणि शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. त्यांची प्रकृती पाहता त्यांचे प्रतिज्ञापत्र लवकर करून ठेवावे हे लिहिताना मला जड जाते, पण ते आवश्यक आहे. कोणत्या वर्षापासून कोणते पाणी प्यायल्या, वास केव्हापासून येऊ लागला, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

काळाबाबत खोटी आशा देणार नाही. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात १९८९ मध्ये अर्ज झाला, प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी हा निकाल १९९६ मध्ये आला, आणि ३७ कोटींहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याज लावून कारखानदारांची टाळाटाळ न्यायालयाने २०११ मध्ये थांबवली. ती रक्कमही जमीन-पाणी शुद्ध करण्यासाठी होती. सांडपाणी थांबवण्याचा, खड्डा बंद करण्याचा आणि टँकरने शुद्ध पाणी देण्याचा अंतरिम आदेश त्या मानाने लवकर मिळू शकतो, म्हणून तो पहिल्याच अर्जात मागा.

गावातील इतर दोन रुग्णांच्या घरी नमुना घेण्यापूर्वीच जाऊन या. त्यांचे कर्करोग वेगळ्या अवयवांचे असतील तर त्यांचा दावा आपल्यासारखा असेलच असे नाही, आणि त्यांपैकी कोणी त्या कारखान्यात कामगार असेल तर कलम १७ त्याला लागू होत नाही, त्याला कामगार भरपाईच्या कायद्याने जावे लागेल. तरीही त्यांच्या विहिरींचे नमुने त्याच दिवशी, त्याच पंचनाम्यात घेता आले तर खर्च वाटला जाईल आणि दूषित पाणी कोणत्या दिशेने पसरले आहे याचा नकाशा तयार होईल. ते अहवाल आणि बायॉप्सीचा मूळ कागद घेऊन मग वकिलाकडे जा.